दोन्ही टाका

मंगळ., २ जुलै
शुक्रवारी तपासणी. सावंत सरांनी आज दुपारी सांगितलं. मुख्याध्यापक होऊन चार वर्षं झाली, पण कुठलीच गोष्ट वेळेत सांगायची नाही हा नियम कायम.
प्रयोगशाळेची दशा बघवत नाही. धड परीक्षानळ्या मोजून अकरा. लिटमस केव्हाच संपलं. नववीला आम्ल-आम्लारी हळदीवर शिकवलं. हळदीच्या कागदावर साबणाचं पाणी, लाल. वर लिंबू पिळलं, परत पिवळा. पोरं खूश. सानिका (नववी ब, पहिला बाक, प्रश्नांचं पोतं) म्हणाली, "बाई, म्हणजे नवरीला हळद लावून साबणाने आंघोळ घातली की ती लाल होणार?" वर्ग फुटला. मीही हसले.
प्रयोगशाळेला लागून जे बाथरूम आहे त्याच्या फरशीवर आणि भांड्यावर पिवळे डाग. सर म्हणाले, तपासणीचे साहेब तिकडेच आधी जातात. सुमनमावशींना सांगितलं, उद्या ते घासायचं.
उद्या बाटल्यांची लेबलं. नोंदवही. आणि निकालपत्रकं... जमेल असं वाटत नाही.

बुध., ३ जुलै
आत्ता हॉस्पिटलातून आले. तरी लिहिते.
साडेअकराच्या सुमारास मावशींचा खोकला ऐकू आला. आधी लक्ष दिलं नाही. मग बादली पडल्याचा आवाज. दार ढकललं तर वास नाकात असा घुसला की डोळ्यांसमोर अंधारी. जमिनीलगत हिरवट पिवळं धुकं. क्लोरीन. मला सांगायला कोणी लागलं नाही. बावीस वर्षं शिकवतेय.
मावशी भांड्याजवळ गुडघ्यावर, तोंडाला पदर. काखेत हात घालून ओढलं. दारातच कोसळल्या. खिडक्या उघडल्या, पोरांना मैदानात पाठवलं, सरांनी टॅक्सी थांबवली. परळच्या हॉस्पिटलात वीस मिनिटांत पोचलो. वाटभर त्या खोकत होत्या आणि मधेमधे मला सांगत होत्या, "बाई, बादली आतच ऱ्हायली."
ऑक्सिजन लावला. बोटाच्या चिमट्यावर ८६, पंच्याण्णवच्या वर हवा.
माझाही घसा जळतोय. तो बरा होईल.
ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र झालं. कसं ते माहीत नाही. घाईत असतील मावशी. सर्वांचीच घाई चालली होती.

गुरु., ४ जुलै
सकाळी बसने आधी हॉस्पिटल, मग शाळा. मावशी अर्धवट झोपेत. छातीच्या फोटोत दोन्ही बाजूंना पांढरं. डॉक्टर म्हणाले, क्लोरीन ओल्या जागी गेला की तिथेच आम्ल तयार होतं, फुफ्फुसाला आतून भाजतं, पुढचे दोन दिवस महत्त्वाचे. मान डोलावली. हे मीच पोरांना सांगते, वाक्यसुद्धा जवळजवळ हेच.
प्रज्ञा होती. मावशींची मुलगी, आमच्याच शाळेची, आठ वर्षांपूर्वी माझ्याच हाताखाली दहावी. आता एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. हुशार. तेव्हाही कमी बोलायची.
"बाई, दोन्ही एकत्र कुणी टाकायला सांगितलं?"
मी म्हटलं, चौकशी चालू आहे.
"आई वीस वर्षं संडास धुतेय. शाळेत अकरा, त्याआधी दुसरीकडे. तिला माहीत आहे, दोन्ही मिसळत नाहीत. मीच सांगितलंय तिला. तुम्ही वर्गात सांगितलेलं घरी जाऊन सांगितलं होतं."
मी वर्गात सांगितलं होतं? आठवत नाही. सांगितलं असेल.
आता खरं लिहिते. वही माझी आहे, इथेही लपवायचं असेल तर मग...
मावशी दारात आल्या होत्या. "बाई, ॲसिडनं पण डाग जाईना." मी लेबलं चिकटवत होते. मान वर न करता म्हणाले, "ब्लीचिंग पावडर आहे ना? तीही टाका. दोन्ही टाका, थोडा वेळ राहू द्या."
त्या दोन सेकंद उभ्या राहिल्या. मग गेल्या. मी सांगितलं म्हणून गेल्या.

शुक्र., ५ जुलै
तपासणी झाली. साहेबांनी बाथरूममध्ये डोकावूनसुद्धा पाहिलं नाही. प्रयोगशाळेला "समाधानकारक" शेरा. लेबलं आवडली.
साडेचारला सरांनी बोलावलं. संस्थेला अहवाल द्यायचा होता, टाइप करून तयार होता. 'सफाई सेविकेने कोणतीही सूचना नसताना स्वतःच्या मर्जीने दोन रसायने एकत्र केली.' खाली साक्षीदार म्हणून माझं नाव.
"नाईक मॅडम, सही करा. तुम्हीच बाहेर काढलंत तिला. तुमचं कौतुकच होणार आहे."
म्हटलं, सर, मावशी बोलायच्या स्थितीत आल्या की त्यांना विचारूया का.
"त्या ठेकेदाराकडच्या. आपल्या पटावर नाहीत. उगाच वाढवू नका."
सही केली.
पेन चालत नव्हतं म्हणून दोनदा करावी लागली.

रवि., ७ जुलै
कालचं लिहिलं नाही. काल काहीच केलं नाही, फक्त फेऱ्या. फणसवाडी ते चौपाटी, चौपाटी ते फणसवाडी, तीन वेळा. अवि म्हणाला, गुडघे दुखतात म्हणून रडतेस आणि हे काय. नवऱ्याला अजून काही सांगितलेलं नव्हतं.
आज सांगितलं. त्याने चहाचा कप खाली ठेवला. 
मग: "कुणी ऐकलं होतं का?"
हा पहिला प्रश्न. अविचा राग आला नाही. माझ्याही डोक्यात पहिला हाच आला होता.
"चूक झाली. मुद्दाम केलं नाहीस. त्या बऱ्या होतायत. आता स्वतःहून विहिरीत उडी मारायची गरज नाही. निवृत्तीला अकरा वर्षं आहेत तुझ्या."
दुपारी आमच्या मजल्यावरच्या सहाही घरांत गेले. मोरी बघते म्हटलं. बायकांना वाटलं मला वेड लागलं. चार घरांत ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर शेजारी शेजारी, एकीकडे तर एकाच बादलीत ठेवलेलं. सगळ्यांना सांगितलं, अलग ठेवा, एक वापरलं की भरपूर पाणी, मग दुसऱ्या दिवशी दुसरं. आणि खिडकी उघडी. साठेकाकू म्हणाल्या, "अगं इतकी वर्षं वापरतोय." मग स्वतःच म्हणाल्या, "मधे मला एकदा फार खोकला झाला होता खरा."
हे सांगायला मला पाच मिनिटं लागली. मावशींना सांगायला पाच सेकंद नव्हते.

सोम., ८ जुलै
नववीला ज्वलन. मॅग्नेशियमची फीत जाळून दाखवली. दरवर्षी दाखवते, दरवर्षी पोरं "ऑऽऽ" करतात. मग लोखंडाचा गंजलेला खिळा हातात दिला. दोन्ही ठिकाणी ऑक्सिजनच. एकीकडे क्षणात, दुसरीकडे हळूहळू. मग सफरचंदाची फोड, काळी पडलेली. वाक्यं तोंडातून आपोआप येत होती.
सानिका उभी राहिली. "बाई, सुमनमावशींना ऑक्सिजन का लावला? त्या जळाल्या ना? जळताना ऑक्सिजन लागतो ना?"

सांगितलं, त्या आगीने जळाल्या नाहीत. क्लोरीनमुळे आत आम्ल तयार झालं, फुफ्फुसाला सूज आली, हवेतला ऑक्सिजन रक्तापर्यंत पोचेना, म्हणून जास्त द्यावा लागतो.
"मग सोडा दिला असता तर? आम्ल अधिक आम्लारी, क्षार आणि पाणी. उदासिनीकरण."
मीच शिकवलेलं. बरोबर म्हणाली होती ती, पुस्तकाप्रमाणे. म्हटलं, एकदा भाजलं की भाजलं. भाजल्यानंतर आम्ल नाहीसं केलं तरी जखम राहते.
"मग त्यांना कुणी सांगितलं नव्हतं का, मिसळू नका म्हणून?"
खाली बस म्हटलं. कडक आवाजात. बिचारीचा चेहरा उतरला.

बुध., १० जुलै
मावशींच्या जागी नवीन बाई. ठेकेदाराने पाठवली. लता, तिशीची असेल. सरांना विचारलं, मावशी परत आल्यावर? "अहवाल गेलाय वर. निष्काळजी माणूस ठेवायचा नाही असं संस्थेचं म्हणणं. आपल्या हातात काय?"
खाली आले तर लता बादलीत ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर दोन्ही घेऊन जिना चढत होती. ॲसिडची बाटली ओढूनच घेतली. ती घाबरली. "काय चुकलं मॅडम?" तिला प्रयोगशाळेत बसवून सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं, मग विचारलं, "हे मला ठेकेदारानं का नाय सांगितलं?"
शाळेने तरी कुठे सांगितलं होतं. मी तरी.


गुरु., ११ जुलै
मावशींची ऑक्सिजनची नळी आज सकाळी काढली. बोटावर ९४. वॉर्डात गेले तेव्हा उशीला टेकून बसल्या होत्या. आवाज बसलेला, चार शब्द आणि थांबायचं, पुन्हा चार शब्द. प्रज्ञा औषधं आणायला गेली होती. आम्ही दोघीच.
मी बोलायला तोंड उघडलं, त्यांनी हात वर केला.
"बाई, मी तुमचं नाव कुठं घेतलं नाय."
पिशवी खाली ठेवली.
"तुम्ही घाईत होतात. मला माहीत होतं मिसळायचं नसतं. पण मला वाटलं, बाई सायन्सच्या. त्या बोलतायत म्हणजे असंल काय नवीन. मग म्या टाकलं."
मी म्हटलं, मावशी, माझी चूक. पूर्ण माझी.
"ते ऱ्हाऊ दे. तेवढं मला परत घ्यायला सांगा. घरी बसून श्वास मोजायचा का?"
ही दया होती की सौदा, मला कळलं नाही. दोन्ही असेल. सौदा असेल तर त्यात त्यांचं काय चुकलं. त्यांच्याकडे द्यायला दुसरं काही नव्हतं.
प्रज्ञा आली. डबा उघडता उघडता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाई, एक विचारायचं राहिलं. बाथरूमचं दार बंद का होतं? आई धुताना दार कधीच लावत नाही. गुदमरतं तिला."
मावशी माझ्याकडे बघत होत्या.
म्हणाले, वाऱ्याने लागलं असेल.

गुरुवारचंच, पुढे
तेही लिहायचं राहिलंय. मी म्हणाले होते, "आणि दार लावून घ्या, वास इकडे नको."

शनि., १३ जुलै
काल पत्र लिहिलं. एक पान. काय झालं, मी काय म्हणाले, दाराचंसुद्धा. अहवालावरची सही मागे घेत आहे. आज सरांना दिलं.
त्यांनी दोनदा वाचलं. चष्मा काढला.
"मॅडम, हे मी घेतलेलं नाही असं समजतो."
घ्या म्हटलं.
"तुम्हाला कळतंय का? पोलिसात जाऊ शकतं. शाळेचं नाव. तुमची चौकशी. त्या बाईचं काय, ती गरीब आहे म्हणून वाईट वाटतं, आपण वर्गणी काढू शिक्षकांत. मी पहिला देतो."
सर वाईट नाहीत. खरंच देतील पहिले. त्यानेच जास्त हरल्यासारखं झालं.
पत्र त्यांनी खणात ठेवलं. आवक नंबर घातला नाही. पोच मागितली तर म्हणाले, सोमवारी बघू.
घरी आल्यावर कपाटं आवरली. तिन्ही.

मंगळ., १६ जुलै
सोमवार गेला, पोच नाही.
प्रज्ञाला फोन केला, तिच्या लॅबखाली भेटलो, लालबागला. उभ्याउभ्या सांगितलं सगळं. बसायची हिंमत नव्हती. दोन वाक्यं. दोन्ही टाका. दार लावून घ्या.
ती रडली नाही, ओरडली नाही. रस्त्याकडे बघत राहिली. शेजारी डंक्यावर मसाला कुटणं चालू होतं, तिखटाने आम्हा दोघींनाही शिंका येत होत्या, तेवढंच.
"मला चार तारखेलाच माहीत होतं. तुम्ही 'चौकशी चालू आहे' म्हणालात तेव्हा."
मग का विचारत राहिलीस?
"तुम्ही सांगाल म्हणून." थांबली. "बाई, मी सायन्स तुमच्यामुळे घेतलं. चाळीत सगळे आईला म्हणायचे, पोरीला नर्सिंगला घाल, लवकर कमावेल. तुम्ही घरी आला होतात. आमच्याकडे चहा प्यायलात. आई अजून सांगते."
मला आठवत होतं ते. तिच्या तोंडून ऐकायला नको होतं.
"लेखी द्याल?"
पत्राची दुसरी प्रत पर्समध्येच होती. सही करून तिथेच दिली. तिने घडी घातली, धन्यवाद म्हणाली नाही. बरोबरच आहे.

रवि., २१ जुलै
मावशी शुक्रवारी घरी आल्या. आज भोईवाड्यात त्यांच्याकडे गेले. पौर्णिमा. त्यांच्या बुद्धविहारात आजपासून ग्रंथवाचन सुरू, पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका जिन्यातून उतरत होत्या. मावशी दुसऱ्या मजल्यावर दारात खुर्ची टाकून बसलेल्या. पहिल्यांदाच वाचनाला गेल्या नाहीत म्हणे. उतरता येईल, चढता येणार नाही.
माझ्यावर भडकल्या. आयुष्यात पहिल्यांदा.
"कागद कशाला दिला प्रज्ञीला? मी बोलले होते ना, नाव नाय घेणार?"
म्हटलं, मावशी, तुमच्यावर आळ घेऊन मी कशी राहू.
"तुम्हाला ऱ्हाता येत नाय म्हणून मी काय करू? तुमचं मन हलकं झालं. माझं काय झालं?"
 त्यांना खोकल्याची उबळ आली, मी पाणी दिलं, त्यांनी घेतलं.
प्रज्ञा आतून म्हणाली, "आई, गप बस जरा. तुला काय समजत नाय."
"मला समजतं. तुम्हा शिकलेल्यांना कागद समजतो."
प्रज्ञाने प्रत रजिस्टर पोस्टाने संस्थेला पाठवलीय. गुरुवारी अकरा वाजता समितीपुढे दोघींना बोलावणं.

मंगळ., २३ जुलै
शाळेत पोरांनी काल गुलाब दिले. गुरुपौर्णिमा रविवारी आली म्हणून सोमवारी. सत्तावीस गुलाब. सानिकाने चिठ्ठीसुद्धा. त्या दिवशी ओरडले म्हणून तिची माफी मागितली. ती इतकी गोंधळली की पळून गेली.
मग वर्गात सांगितलं. आज, नववी 'ब'ला. कुणाचं नाव न घेता. एका शिक्षिकेने घाईत चुकीचं सांगितलं आणि एका बाईंनी ते ऐकलं. फळ्यावर समीकरण लिहिलं, पुस्तकात नाही ते. ॲसिड अधिक ब्लीचिंग पावडर, बाणाच्या पुढे क्लोरीन. खाली रेघ मारली. घरी जाऊन सांगा म्हटलं.
मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच: "बाईच असतील."
खडू ठेवला आणि म्हणाले, हो.
 तास संपायला बारा मिनिटं होती. ती कशी गेली मला सांगता येणार नाही.
सरांच्या कानावर मधल्या सुट्टीतच गेलं. माझ्याशी बोलत नाहीत.

गुरु., २५ जुलै
समिती. लांब टेबल, तीन जण, सावंत सर कोपऱ्यात. बाहेर बाकावर मी, मावशी, प्रज्ञा. मावशींना टॅक्सीने आणलं, तरी चार पायऱ्या चढल्यावर पाच मिनिटं बसावं लागलं.
मला आधी बोलावलं. पत्रात आहे ते सर्व सांगितलं. अध्यक्षांनी विचारलं, रसायनशास्त्र शिकवता ना? हो म्हटलं. मग तुम्हाला माहीत होतं? हो. मग? घाईत होते. यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. तीन आठवडे शोधतेय.
मग मावशी. दार उघडंच होतं, सगळं ऐकू आलं.
"नाईक मॅडमनी तुम्हाला दोन्ही एकत्र टाकायला सांगितलं?"
"नाय."
"त्या तसं लिहून देतायत."
"त्यांना वाईट वाटतंय म्हणून. मीच टाकलं. माझ्या मनानं."
प्रज्ञा ताडकन उठली. "आई!" शिपायाने तिला बसवलं. 
बाहेर आल्यावर प्रज्ञा आईवर तुटून पडली. तिचे ओठ पांढरे झाले होते. मावशी भिंतीला धरून उभ्या, दम खात. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाई, तुम्ही गेलात तर मला परत घ्या म्हणून सांगणारं तिथं कोण ऱ्हाईल? ह्यो सावंत?"
 इतके दिवस मी माझ्या सहीचा, माझ्या चुकीचा, माझ्या झोपेचा विचार करत होते. त्या नोकरीचा करत होत्या.
अध्यक्षांनी शेवटी सर्वांना आत बोलावलं. दोन जबाब जुळत नाहीत. दोघींनी सोमवारपर्यंत पुन्हा लेखी द्यावं. तोवर निर्णय नाही.

रवि., २८ जुलै
उद्या द्यायचं आहे.
मावशींचा सकाळी फोन. "बाई, कागद मागं घ्या." श्वास अजून तुटतो. मागे घेत नाही म्हटलं. "मग मी पण माझं बदलत नाय." ठेवून दिला.
अर्ध्या तासाने प्रज्ञाचा. ती आईला समजावतेय. मी म्हटलं, माझ्या जबाबात एक परिच्छेद वाढवतेय, मावशींना पटावर कायम घ्यावं, ठेकेदारामार्फत नको. ती म्हणाली, ते ऐकतील? ठाऊक नाही. "तुमचं ऐकतील का, हे झाल्यावर?" तेही ठाऊक नाही.
 अविने आत्ता येऊन कागदावरून नजर फिरवली, एका शब्दाची वेलांटी सुधारली आणि गेला.
चार मसुदे झाले. पहिल्यात फार माफी. दुसऱ्यात फार रसायनशास्त्र. तिसरा अर्धवट. चौथ्यात पहिलं वाक्य लिहून थांबले आहे: 'मी सांगितलं आणि त्यांनी ऐकलं.'
पुढे मावशींचं "नाय" कसं मांडायचं? त्या खोटं बोलल्या असं मी लिहायचं?